तोंडाला फेस

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आणणाऱ्या माणसाला खर्च करायला शिकवावं लागत नाही. मुंबईत राहणारा असेल, तर अरबी समुद्र शेजारी फुकट पडलेला असताना तो परदेशी मिठाच्या बादल्या विकत आणतो, आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ बसेल असा हिशेब करतो आणि बाल्कनीत बसून स्वतःचा समुद्र ढवळतो. त्याचं चुकतही नसतं. किनाऱ्याच्या पाण्यात आज गाळ किती आणि उद्या सांडपाणी किती, याची हमी कुणी देत नाही. वरळी-हाजी अलीच्या खडकांवर काही प्रवाळ त्याही पाण्यात तग धरून आहेत खरे, पण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते वाघाच्या पंगतीला बसलेले असल्यामुळे त्यांना हात लावायची सोय नाही. म्हणून मीठ बाहेरचं, प्रवाळ बाहेरचे, स्वदेशी काय ते वीजबिल. हा सगळा खर्च गृहस्थ हसतमुखाने करतो आणि एकाच खरेदीपाशी अडतो: प्रोटीन स्किमर. बाकीच्या सगळ्या वस्तू टाकीत काहीतरी आणतात. ही एकच वस्तू टाकीतून काहीतरी काढते, आणि काढते तेही कपभर तपकिरी, नाक दाबायला लावणारं पाणी. अनेकदा टाकीतल्या सगळ्या माशांच्या किमतीहून महाग असलेलं यंत्र एवढंच देणार म्हटल्यावर माणूस चिकित्सक होतो आणि रात्र रात्र तक्ते चाळत बसतो. माझं म्हणणं असं, की ही चिकित्सा भलत्या जागी खर्ची पडते. स्किमर टाकीच्या लिटरांवरून निवडायचा नसतो. तो माशांच्या भुकेवरून आणि मालकाच्या आळसावरून निवडायचा असतो. पहिली गोष्ट मोजणं सोपं आहे. दुसरी मोजताना घरातल्या इतर मंडळींची साक्ष काढावी.

आधी हे यंत्र करतं काय ते पाहू. माशांनी खाल्लेलं अन्न आणि माशांनी नाक मुरडून सोडून दिलेलं अन्न, दोन्हींचा शेवट पाण्यातच होतो. जिवाणू त्याचा अमोनिया करतात, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. आणि नायट्रेट, फॉस्फेट साठत गेले की टाकीचा ताबा शेवाळाकडे जातो. ही साखळी सुरू होण्याआधीच हात घालावा, ही स्किमरमागची कल्पना. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात रस उकळताना मळी वर येते आणि ती वेळच्या वेळी काढली तरच गूळ चांगला उतरतो. स्किमरही मळीच काढतो, फक्त विस्तवाऐवजी हवेने. पाण्यातल्या बऱ्याच सेंद्रिय रेणूंचं एक टोक पाण्यात रमणारं असतं आणि दुसरं पाण्याला कंटाळलेलं. हवेचा बुडबुडा भेटला की हे कंटाळलेलं टोक त्याला चिकटतं आणि त्याच्याबरोबर वर जातं. यंत्राच्या गळ्यात फेस साठतो, चढत चढत कपात सांडतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, म्हणून बारीक राहतात. आणि जितके बारीक, तितकी चिकटायला जागा जास्त. गोड्या पाण्यात ते पटकन एकत्र येऊन मोठे होतात, म्हणून गोल्डफिशच्या टाकीला स्किमर लावून फारसं काही साधत नाही. अर्थात गोड्या पाण्याला फेस येतच नाही असं कुणी समजू नये. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारे पांढरे थर वर्तमानपत्रांतल्या फोटोंत सगळ्यांनी पाहिले आहेत. पाण्यात डिटर्जंट आणि सांडपाणी पुरेसं मिसळलं, की नदीही हे तंत्र आत्मसात करते. वर कप बसवायचा तेवढा राहून गेला आहे.

आता डब्यावरचा आकडा. १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ५० उंच अशी टाकी घेतली, तर गणिताने ती ३०० लिटरची होते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की अडीचशेच्या आसपास उतरते, आणि खालच्या कपाटातल्या जोडटाकीचं, म्हणजे सम्पचं, पाणी मिळवलं की पुन्हा तीनशेच्या घरात जाते. एवढी आकडेमोड करून माणूस दुकानात जातो, तर कित्येक डब्यांवर ठळक अक्षरांत एक भरघोस आकडा असतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत खुलासा, की हे मासे कमी असतील तर. मध्यम असतील तर याहून बरंच कमी. आणि भरपूर असतील तर विचारू नका. हे आकडे ठरवायची सगळ्या उत्पादकांनी मान्य केलेली चाचणी नाही. ज्याचा त्याचा आकडा, ज्याची त्याची श्रद्धा. मुळात अडचण लिटर या मापातच आहे. पाणी स्वतः घाण करत नाही. तीनशे लिटरच्या एका टाकीत क्लाउनफिशचं एक जोडपं आणि चार प्रवाळ असतील, आणि तेवढ्याच दुसऱ्या टाकीत तीन वेळा जेवणारे टँग मासे असतील, तर दोन्हींकडे पाणी सारखं आणि मळी मात्र कितीतरी वेगळी. म्हणून दिवसाला खाणं किती पडतं, हा खरा प्रश्न. दुकानदार तो सहसा विचारत नाही, कारण त्याच्याकडे त्या नावाचा रकाना नसतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की आकडे खोटे असतील, पण यंत्रा-यंत्रांत फरक तर असतोच ना? एकाचं सुईचाक (बुडबुडे बारीक करणारं काटेरी चाक) जर्मन, दुसऱ्याचा पंप डीसी, तिसऱ्याच्या तळाशी बुडबुडे शांत करणारी जाळी. असतो, पण आपण समजतो तेवढा नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर तपासून २००९ मध्ये निष्कर्ष छापले. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन आधी मोजायचा, यंत्र चालवायचं, पुन्हा मोजायचा. एकाही यंत्राला ३५ टक्क्यांहून जास्त काढता आला नाही. उरलेला माल बुडबुड्याला चिकटणाऱ्यातला नव्हताच. त्याच्यापुढे महागडं यंत्र आणि स्वस्त यंत्र दोन्ही सारखीच हतबल. याचा अर्थ स्किमर निरुपयोगी आहे असा कुणी काढेल, तर तो उतावळेपणा होईल. टाकीत खाणं रोज पडतं, आणि त्यातला पाव-एक हिस्सा कुजण्याआधीच रोज बाहेर जात असेल, तर ते काम लहान नाही. बाकीचं जिवाणू, कार्बनची पिशवी आणि पंधरवड्याचं पाणी बदलणं यांनी वाटून घ्यायचं. अर्थ एवढाच, की ज्या एका गुणावरून आपण दोन धड यंत्रांत रात्रभर भांडण लावतो, त्या गुणात ती उन्नीस-बीस आहेत.

दुसरा आक्षेप डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्याचा असतो, म्हणून तो जास्त जोरात येतो. ‘आमच्या कपात बघा, कसं काळंकुट्ट येतं!’ स्किमरधारकांच्या जगात काळेपणाला जी प्रतिष्ठा आहे, ती आपल्याकडच्या वधूवरांच्या जाहिरातींत पूर्वी मिळाली असती तर बरं झालं असतं. पण रंग हा मोठा पुरावा नाही. फेस कमी उंचीवर ठेवला की तो कोरडा होऊन चढतो आणि कपात थोडं, दाट, काळं पडतं. उंची वाढवली की भरपूर, पातळ, चहाच्या रंगाचं पडतं. एकच यंत्र स्क्रूच्या एका फेरीत दोन्ही रंग दाखवतं. शिवाय फेल्डमन मंडळींनी २०१० मध्ये त्या मळीचंच पृथक्करण केलं, तेव्हा समुद्राचे नेहमीचे क्षार वगळता तिच्या घन भागात बहुतांश कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट आणि सिलिका निघाली; सेंद्रिय कार्बनाचा वाटा अल्पमतात होता. म्हणजे ज्या काळेपणाकडे पाहून मालकाची छाती फुगते, त्यात ज्यासाठी यंत्र घेतलं तो पदार्थ थोडका आणि चुना-वाळूच जास्त.

तिसरा आक्षेप मध्यमवर्गाच्या हाडीमाशी रुजलेला: ‘घ्यायचाच, तर एक माप मोठाच घ्या, पुढे उपयोगी पडतो.’ मुलांच्या शाळेच्या गणवेशाला हा नियम चालतो, कारण मूल वाढतं. टाकी वाढत नाही. मोठ्या स्किमरचा गळा रुंद असतो आणि तो भरून वर चढण्याइतका स्थिर फेस व्हायला तेवढी मळी पाण्यात लागते. दोन क्लाउनफिश ती पुरवू शकत नाहीत. मग फेस अर्ध्यावर येतो, घुटमळतो आणि बसतो. कप कोरडा पाहून मालक पंप बदलतो, पाण्याची पातळी बदलतो आणि शेवटी फेस यावा म्हणून माशांना जास्त खायला घालतो. यंत्राने माशांची घाण काढावी म्हणून यंत्र आणलं, आणि आता यंत्र उपाशी राहू नये म्हणून मासे कामाला लागले. फार छोटा स्किमरही अर्थात वाईटच. पण त्याची तक्रार निदान समजण्यासारखी असते.

लिटर गेले, रंग गेला, थोरवी गेली. मग निवडायचं कशावरून? ज्या गोष्टींची जाहिरात होत नाही, त्यांवरून. पहिली कपाटाची उंची. लोक स्किमरची उंची मोजतात आणि कपाटाची मोजतात, पण कप धुवायचा तर तो आधी वर उचलून बाहेर काढावा लागतो, ही हालचाल कुठल्या आकृतीत नसते. मग दर वेळी अख्खं यंत्र तिरकं करून काढावं लागतं आणि मळीचा पहिला हप्ता लादीला मिळतो. दुसरी पाण्याची पातळी. सम्पमधला स्किमर पाण्यात किती सेंटिमीटर बुडायचा हे ठरलेलं असतं आणि त्यात फरक पडला की फेसाची उंची बदलते. म्हणून तो आडव्या पट्टीमागच्या, पातळी न हलणाऱ्या कप्प्यातच हवा. नागपूरच्या मे महिन्यात पाणी उडायला लागतं, तेव्हा या पट्टीची किंमत कळते. तिसरी गोष्ट वीज. ती गेली की वरच्या टाकीतलं पाणी काही प्रमाणात सम्पमध्ये उतरतं, आणि ती परत आली की चढलेल्या पाण्यात स्किमर नव्या उत्साहाने फेस काढतो; तो उत्साह कपाबाहेर येणार नाही अशी बनावट आणि सोय पाहावी. चौथी गोष्ट गळा. गळ्याच्या आतल्या बाजूला चिकट थर बसला की फेस चढायचा मंदावतो, म्हणजे धुतलेला साधा स्किमर न धुतलेल्या भारी स्किमरला सहज हरवतो. याउलट पाण्यात तेल गेलं की फेस तत्काळ कोसळतो. डोक्याला खोबरेल लावून तोच हात टाकीत घालणाऱ्या माणसाने यंत्राच्या उत्पादकाला तक्रारीचं पत्र लिहू नये.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र मुळावरचा आहे: स्किमर हवाच कशाला? जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत अमेरिकी मासिकात छापून आणली, तेव्हा त्यांच्या टाक्यांत जिवाणूंनी वसलेले समुद्री खडक, म्हणजे जिवंत दगड, समुद्राचं पाणी, उजेड आणि हवेचे थोडे बुडबुडे एवढंच होतं. पुढे स्मिथसोनियनच्या वॉल्टर अ‍ॅडी यांनी शेवाळाच्या जाळीवरून पाणी फिरवून प्रवाळांच्या मोठ्या टाक्या चालवून दाखवल्या. दुसऱ्या बाजूला बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत दगड आणि दणकट स्किमर या जोडीवर आपलं शास्त्र उभं केलं. दोन्ही पक्षांचे प्रवाळ वाढले. तेव्हा स्किमरशिवाय चालतं, हे मान्य. पण ली चिन एंग यांच्याकडे समुद्र होता आणि अ‍ॅडी यांच्याकडे संस्था होती. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यातलं काही नसतं. तिथे असतात बंद खिडक्या, एसी आणि रात्रभर श्वास सोडणारी चार माणसं. खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढला की टाकीचा पीएच घसरतो, आणि स्किमर पाण्यात सतत हवा घुसळत असल्यामुळे त्याच्या हवेची नळी खिडकीबाहेर सोडली तर पीएच वर यायला मदत होते. मळी बाजूला ठेवली तरी हवा घुसळण्याच्या या कामासाठी स्किमर ठेवायला हरकत नाही.

मग सगळे सारखेच, तर सर्वांत स्वस्त घ्यावा का? तेही नाही. पैसे पंपासाठी द्यावेत: तो चोवीस तास चालणार, बहुधा दिवाणखान्यातच, आणि त्याचं सुईचाक मोडलं तर सुटं मिळालं पाहिजे. कमी आवाज, सुटे भाग आणि सहज निघणारा कप या तीन गोष्टींना जास्त मोजलेला रुपया वाया जात नाही. आकड्यातल्या हजार लिटरांना मोजलेला जातो. तेव्हा आधी रोजचं खाणं मोजावं, मग कपाट मोजावं, आणि तिसऱ्या क्रमांकाला घरात जाहीर विचारावं, की हा कप दर तीन-चार दिवसांनी कोण धुणार आहे. उत्तर मिळालं, तर कुठलाही धड स्किमर चालेल. सगळे एकदम मोबाइलकडे पाहू लागले, तर दोनच क्लाउनफिश ठेवावेत आणि त्यांना बेताने जेवू घालावं.