फोटो कोयत्याचा, भिंत काळ्या घोड्याची

दसरा झाला की परळीच्या आसपासच्या तांड्यांवरून, वस्त्यांवरून ट्रक भरू लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेबाच्या वहीत माणसं नसतातच, अवजार असतं.

मागोमाग कॅमेरे येतात. लेकरू काखेत, मोळी डोक्यावर, पाठीमागे धुळीचं ऊन. फोटो उत्तम येतो. मग त्याची मोठी प्रिंट, काळी चौकट, कोपऱ्यात सही, दहापैकी तिसरी प्रत असा आकडा. खाली शीर्षक: 'ऊसतोड कामगार, मराठवाडा'.

बाईचं नाव?

लेन्स कुठली होती ते विचारा, लगेच सांगतील.

सगळेच असे नसतात. अकोल्याच्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं कृष्णधवल फोटोंत मांडलं. गटारात, कचऱ्यात राबणारी माणसं आणि त्यांची घरंही. एका दुपारी येऊन, चार क्लिक मारून असं काम होत नाही. वर्षं द्यावी लागतात. त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हाला आपल्या घरातलं कुणी मोठं झाल्यासारखं वाटलं.

पण परळीच्या फोटो काढणाऱ्या पोराचं काय? लग्नाच्या ऑर्डरी करून घर चालवतो. थर्मल वीज केंद्राची राख पत्र्यावर, झाडावर, वाळत घातलेल्या धुण्यावर कशी बसते, हे त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. त्याच्या मोबाइलमध्ये असे फोटो आहेत की बघणारा गप्प होतो.

दाखवायचे कुठे?

मुंबईत काळ्या घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून उभी आहे, फोटोंसाठी तिथे गच्चीवरची वेगळी गॅलरी आहे. बघायला पैसे पडत नाहीत. लावायला पडतात! भाडं, प्रिंटा, चौकटी, आठवडाभर मुंबईतला मुक्काम. अख्ख्या लगीनसराईची कमाई सात दिवसांत भिंतीला टांगायची, तीही तारीख मिळाली तर.

आणि मुंबईलाच का जायचं? इथे भिंत नाही म्हणता? नेत्यांच्या वाढदिवसाला चौकाचौकांत वीस-वीस फुटांचे फोटो लागतात. त्यांना जागा मिळते, बांबू मिळतात, रात्रीतून माणसंही मिळतात. वैद्यनाथाच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला लाखो पावलं या गावातून जातात. एवढे प्रेक्षक कुठल्या गॅलरीला आहेत?

पाडव्याच्या आगेमागे कोयते परततात. त्या आठवड्यात एसटी स्टँडवर पंचवीस फोटो लावा. फ्लेक्सवर छापलेत तरी चालेल, खाली नावं मात्र लिहा: बाईचं, गावाचं, लेकराचं. शाळा बुडवून फडात गेलेल्या पोरांना ती मोठ्याने वाचू द्या.

आणि एक प्रत आधी त्या बाईच्या घरी पोचवा. लग्नाच्या फोटोशेजारी एका खिळ्यापुरती जागा असते.