रानवाटेच्या दुचाकीची मीमांसा

ट्रेल मोटारसायकल म्हणजे डांबर संपल्यावरही चालत राहावी या हेतूने घडवलेली हलकी दुचाकी, आणि तिचा मालक म्हणजे डांबर संपण्याची वाट पाहत बहुतेक आयुष्य डांबरावरच काढणारा गृहस्थ, अशी दुहेरी व्याख्या केल्याशिवाय या विषयाचा विचार पुरा होत नाही. यंत्राची लक्षणे ठरलेली आहेत : पुढचे चाक २१ इंची, कारण मोठे चाक दगडावर आपटण्याऐवजी त्यावर चढते, शॉकअपची चाल, म्हणजे चाकाला वरखाली होण्यास मिळणारी जागा, लांब, पोट जमिनीपासून उंच, आणि चाके आऱ्यांची, कारण आरे वाकतात पण सहसा तडकत नाहीत. भारतात २०१९ मध्ये आलेली १९९.६ सीसीची हीरो एक्सपल्स ही या जातीची सर्वपरिचित प्रतिनिधी असून, तिच्याआधी २०११ मध्ये त्याच घराण्याची १५० सीसीची इम्पल्स येऊन गेली होती. मालकाची लक्षणे मात्र कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसतात; ती खरेदीनंतर हळूहळू प्रकट होतात.

त्यांतील पहिले लक्षण म्हणजे गाडी जशी आली तशी न ठेवण्याची ओढ. या ओढीला इतिहासाचा आधार आहे, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. होंडाची सुपर कब ही १९५८ साली आलेली साधी, शहरी, किराणा आणण्याच्या लायकीची दुचाकी होती. पण अमेरिकेतील आयडाहो राज्यात बॉइझी येथे हर्ब उल नावाच्या विक्रेत्याने तिचे चेनचे मागचे चक्र मोठे केले, तिला दातेरी टायर चढवले आणि ती डोंगरात हिंडणाऱ्यांना विकली, तेव्हा कंपनीने हा उद्योग पाहून १९६१ मध्ये स्वतःच तशी गाडी बाजारात आणली. तात्पर्य, ट्रेल मोटारसायकल जन्मली ती फेरफारातून. मात्र उल यांनी फेरफार केला तो गिऱ्हाइकाला डोंगर चढायचा होता म्हणून, तर आजचा मालक डोंगर चढतो तो फेरफार केला आहे म्हणून, एवढा कार्यकारणाचा उलटफेर मधल्या साठ वर्षांत झालेला दिसतो.

दुसरे लक्षण उंचीचे. २०१९ च्या एक्सपल्सची बैठक जमिनीपासून ८२३ मिलिमीटरवर असल्याने मध्यम बांध्याच्या मराठी माणसाचा एका वेळी एकच पाय नीट टेकतो, आणि सिग्नलवर तो तळ्याकाठच्या बगळ्यासारखा स्थिर, एकाग्र व एकपाद उभा राहतो. कोणत्या चौकात दुभाजक टेकण्याजोगा आहे, याचे त्याचे ज्ञान नगररचनाकारालाही लाजवील असे असते. हीच उंची रानात उपकारक ठरते, कारण तिथे स्वार फूटरेस्टवर उभा राहतो, गुडघे सैल सोडतो आणि त्यामुळे त्याचे शरीर हेच तिसरे शॉकअप बनते. उभे राहून हात पोहोचावेत म्हणून हँडल थोडे उचलून घेण्याची पद्धत आहे. परंतु हे उचललेले हँडल आठवड्यातील पाच दिवस पुण्याच्या चांदणी चौक ते हिंजवडी याच मार्गावर वापरले जाते, जिथे उभे राहिल्यास पुढची कोंडी किती लांब आहे हे दिसते, यापलीकडे लाभ होत नाही.

फेरफाराची सुरुवात बहुधा साडी गार्डपासून होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२३ असा की, मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलला धरण्यासाठी पकड, पाय ठेवण्यास जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे, वस्त्र चाकात अडकू न देणारे आवरण असलेच पाहिजे. पदराची इतकी काळजी वाहणारा नियम सौजन्यपूर्ण म्हणावा लागेल. मालक मात्र वजन घटवण्याच्या नावाखाली तेच आवरण प्रथम उतरवून माळ्यावर टाकतो, आणि त्यानंतर घरातील ज्येष्ठ स्त्रीला देवळात सोडण्याचा प्रसंग आला की वजनाचा हा सिद्धान्त स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मांडताना त्याची भाषा अडखळू लागते. पुढचे गणित अधिक मनोरंजक आहे. दोनेक किलो उतरवल्याच्या समाधानात तो इंजिनाखाली जाड पत्रा, दोन्ही बाजूंना क्रॅश गार्ड, हातांपुढे ढाली, मागे कॅरिअर, त्यावर पेटी आणि पुढे जादा दिवे चढवतो, आणि कारखान्यातून दीडशे किलोंहून थोडी अधिक भरलेली गाडी या हलकेपणाच्या साधनेअखेर पूर्वीपेक्षा दहापंधरा किलोंनी जड होते.

त्यानंतर चेन-स्प्रॉकेटची पाळी येते. इंजिनाकडील लहान दातेरी चक्राचे दात कमी केले किंवा मागच्या मोठ्या चक्राचे वाढवले, तर चढाची ताकद वाढते आणि सरळ रस्त्यावरचा कमाल वेग घटतो. उदाहरणार्थ, पुढच्या १३ दातांचे १२ केल्यास हे प्रमाण सुमारे आठ टक्क्यांनी बदलते, आणि मागे तोच परिणाम साधण्यास तीनेक दात वाढवावे लागतात. हा शुद्ध यांत्रिक व्यवहार असून त्यात काही मिळवण्यासाठी काही द्यावेच लागते. सायलेन्सर बदलण्यात मात्र आवाज मिळतो आणि शेजारधर्म जातो. शांतता राखणे हे ज्याच्या नावातच आहे, तो भाग गर्जना करण्यासाठी बदलणे हा भाषिक अपराध तर आहेच, शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या मनाईचा अर्थ कडकपणे लावला आहे. महाराष्ट्रातील शहरांत जप्त केलेले असे सायलेन्सर ओळीने मांडून त्यांवरून रोलर फिरवण्याचा कार्यक्रमही पोलिसांनी केला आहे. त्या क्षणी ते सायलेन्सर प्रथमच आपल्या नावाला जागतात.

प्रत्यक्ष रानवाट वाट्याला येते ती पावसाळ्यानंतरच्या एखाद्या रविवारी. येथे एक मर्यादा गांभीर्याने सांगितली पाहिजे : सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर काही बोटांचाच असतो, त्यावरच सप्टेंबरातील फुले उभी असतात, आणि २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कासच्या पठारासारख्या जागी चाक घालणे हा पराक्रम नसून नासधूस आहे. गावागावांना जोडणाऱ्या कच्च्या गाडीवाटा पुष्कळ आहेत आणि त्या मालकाचा गर्व उतरवण्यास पुरेशा आहेत. लाल चिखलाच्या चढावर बटन टायर, म्हणजे गोट्यागोट्यांच्या नक्षीचे टायर, काही वेळ पकडतात. मग नक्षीत चिखल भरून ते वाटोळे मडके होतात, मागचे चाक जागच्या जागी फिरू लागते आणि चिखल नेमका तिथेच उडतो, जिथे साडी गार्ड असते तर अडला असता. याच वेळी मागून शंभर सीसीची जुनी, साडी गार्ड शाबूत असलेली गाडी येते; तिला दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवलेले असतात, टायर झिजून गुळगुळीत झालेले असतात, स्वाराच्या पायांत चप्पल असते, आणि तो "सरका जरा, साहेब" एवढेच म्हणून चढ पार करतो.

या दृश्यात चमत्कार काही नाही. कॅनचे वजन मागच्या चाकावर पडून पकड वाढते, स्वार घाई न करता एका लयीत जातो, आणि त्या वाटेवरचा प्रत्येक दगड त्याला रोजच्या ओळखीचा असतो. मालकाला मात्र यावर नव्या खरेदीचा उपाय सुचतो, आणि चिखल तर तो मुद्दाम धूत नाही, कारण तेच त्याचे प्रमाणपत्र असते. ते दसऱ्याच्या सकाळी घरची मंडळी बादलीभर पाण्याने पुसून गाडीला झेंडूचा हार घालतात. त्याच दिवशी मागे बसणाऱ्यांच्या आग्रहाने माळ्यावरचे साडी गार्ड खाली येते आणि बहुधा पुन्हा वर जात नाही.

या साऱ्या खटाटोपातला सर्वांत गुणकारी फेरफार एका पैशाचाही नाही. रस्त्यासाठी पंचवीस-तीस पौंड भरलेली हवा चिखलापुरती अठरा-वीस पौंडांवर आणली, तर टायर पसरतो, जमिनीवरची त्याची पावली लांबते आणि पकड वाढते. ती याहून फार कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते, आणि डांबरावर परतताच ती पुन्हा भरावी लागते, एवढेच पथ्य. रानवाटेवर निघताना थोडी हवा काढावी, हा या शास्त्राचा पहिला व शेवटचा नियम आहे, आणि तो टायरला तर लागू आहेच.