फटफटीचा पंचनामा

सतत अकरा वर्षे, रविवार आणि सरकारी सुट्ट्या वजा जाता, रोज सकाळी मला कचेरीत वेळेवर रुजू करणारी आणि सायंकाळी तितक्याच निमूटपणे वाड्याच्या दिंडीदरवाजाशी आणून सोडणारी माझी येझ्दी फटफटी जेव्हा एका आषाढी सकाळी एकवीस किका मारूनही हूं की चूं करीना, तेव्हा या सेवेच्या मोबदल्यात पेट्रोलाव्यतिरिक्त आपण तिला आजवर काय दिले, याचा हिशेब मांडता मांडता मला घाम फुटला. आणि तो सर्वस्वी किकांचा नव्हता.

ज्या मनुष्याने उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरात घालविली, त्याची अशी दृढ श्रद्धा असते की, रीतसर नोंद केली असता जगातील कोणतेही प्रकरण निकाली निघते. त्यामुळे फटफटी मिस्त्रीकडे ढकलत न नेता मी ती अंगणात उभी केली, समोरच्या बिऱ्हाडातील निवृत्त मास्तरांना पंच म्हणून पाचारण केले आणि निघणाऱ्या प्रत्येक नटबोल्टास क्रमांक देऊन वहीत चढविण्याचा शिरस्ता घातला. मास्तरांनी शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या दुरुस्त केल्या.

माझ्या फटफटीच्या घराण्याचे मूळ चेकोस्लोव्हाकियातले. पण १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात आधी जावा आणि पुढे येझ्दी या नावाने त्याची भारतीय शाखा वाढली. हिच्या डाव्या पायापाशी एकच दांडा असतो: आत दाबून वर उभा केला की ती किक, आणि इंजिन सुरू झाल्यावर पुढे लवंडला की तोच गिअर. एकाच कारकुनाने आवक आणि जावक ही दोन्ही टेबले सांभाळावीत, तशी ही काटकसर मला प्रथमदर्शनीच भावली होती. (ही युक्ती ठाऊक नसलेल्या एका भुरट्याने पूर्वी एकदा मंडईजवळ किकचा दांडा शोधण्यात इतका वेळ दवडला, की मी भाजी घेऊन, भाव करून परत आलो तरी तो तिथेच होता.) शिवाय सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, मिळवता एक आणि धूर काढणारे दोघे, ही रचना मध्यमवर्गीय संसाराशी इतकी मिळतीजुळती आहे, की तिच्याविषयी आपुलकी न वाटणे अशक्यच.

झाकणे उघडत गेलो तसतसे माझेच दप्तर माझ्यापुढे उलगडू लागले. येझ्दीची चेन पत्र्याच्या बंद पेटीत असते, त्यामुळे दृष्टीआड सृष्टी या न्यायाने तिला अकरा वर्षांत मी ग्रीसचे बोट लावलेले नव्हते. पेटी उघडली तेव्हा आत चेन कोणती आणि चिखल कोणता, याबद्दल पंचांत आणि माझ्यात मतभेद झाले. कार्बुरेटरच्या वाटीत पिवळसर गाळ होता. पॉइंट, ज्यांत मिलिमीटरच्या चार दशांशाइतके अंतर असावे, ते जळून कोळसा झाले होते. आणि लिटरभर पेट्रोलात चाळीस मिलिलिटर ऑइल मिसळून पिणाऱ्या या टू-स्ट्रोक जिवाने ते अर्धवट जळलेले सारे तेल सायलेन्सरच्या आतल्या भोकाभोकांच्या नळ्यांत काजळीच्या रूपाने जमा करून ठेवले होते. ही काजळी जाळून काढावी लागते, इतके मला ऐकून माहीत होते, म्हणून त्या दोन्ही नळ्या मी न्हाणीघरातल्या बंबात घातल्या. त्या दिवशी वाड्यातील तिन्ही बिऱ्हाडांच्या स्नानाच्या पाण्याला जो गंध आला, त्याची फिर्याद मालकांपर्यंत गेली. पण नळ्या मात्र नव्यासारख्या निघाल्या.

खरे प्रकरण पिस्टनपाशी चिघळले. नाना पेठेतून नव्या रिंगा आणल्या. इंजिनाच्या उघड्या तोंडात काही पडू नये म्हणून हाताशी आलेले एक स्वच्छ फडके त्यात कोंबले. ते फडके नसून हळदीकुंकवासाठी काढून ठेवलेला खण होता, हे आमच्या कुटुंबाने नंतर निदर्शनास आणले. "अहो, खणाने तिची ओटी भरलीत ते बरंच केलंत," ती म्हणाली, "आता ओटीला नारळ तेवढा राहिला." पिस्टनची पीन धरून ठेवणारे तारेचे इवलेसे लॉक पकडीतून निसटून तुळशीवृंदावनात गेले, त्याची 'गहाळ' अशी नोंद झाली आणि दोन दिवसांनी ती खोडून 'मिळाले' असा शेरा पडला. पिस्टनच्या माथ्यावर एक बाण कोरलेला होता. तो कोणीकडे करावा याचा मी पुष्कळ विचार केला, आणि पेट्रोल मागच्या बाजूच्या कार्बुरेटरमधून येते, तेव्हा येणाऱ्याच्या स्वागतास बाणाने मागेच तोंड करून उभे राहावे हे शिष्टाचारास धरून होईल, असा निष्कर्ष काढला.

वहीप्रमाणे एकूण एक वस्तू जागेवर गेली. एकही नट उरला नाही, एकही कमी पडला नाही. मास्तरांनी सही केली. फटफटी मात्र सुरू झाली नाही.

अखेर नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावणे धाडले. त्याने वहीकडे ढुंकूनही न पाहता हेड उतरविले, बाणावर काळे बोट ठेवले आणि म्हणाला, "साहेब, पिष्टन उलटं. बाण पुढं सायलेन्सरकडं पायजे. चालू झाली न्हाई ह्ये नशीब, रिंगेची टोकं पोर्टात अडकून तुटली असती." माझ्या एकवीस पृष्ठांच्या पंचनाम्यात दिशेचा रकानाच नव्हता.

श्रावणात ती दुसऱ्या किकेला जागी झाली. इंजिनाचा तो दुहेरी फटफटाट ऐकून मास्तर डोळे पुसत होते, धुराने असेल. मी तिला रॉकेलने पुसले, टाकीला पॉलिश केले, चेनला ग्रीस दिले आणि दुसऱ्या दिवशी कचेरीला जाण्यासाठी दिंडीदरवाजाशी आणली, तेव्हा बाहेर रस्त्यावर घोट्याएवढा चिखल होता. मी ती परत आत नेली.

तेव्हापासून मी बसने जातो. फटफटी ओसरीवर, कुटुंबाच्या जुन्या नऊवारी लुगड्याखाली उभी असते. कचेरीत सहकारी विचारतात, "काय हो, विकली की काय?" आणि मी मान हलवून खिडकीबाहेर दाटलेल्या ढगांकडे पाहत राहतो, वाऱ्याने तिच्यावरचे लुगडे सरकले तर नसेल ना, हाच घोर साडेपाचपर्यंत लागलेला असतो.