गोळी रक्तात, दुखणं फडात

दसरा-दिवाळी झाली की केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या पंचक्रोशीतून कोयते ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाची उचल अंगावर असते. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याला दंड. म्हणून कंबर धरली, गोळी. पाळीत पोट दुखलं, गोळी. ताप भरला, तरी गोळीच. मोळी डोक्यावर चढलीच पाहिजे.

कुणी कोणती वेदनाशामक गोळी घेतली हे रक्त तपासून कळतं. मात्र वेळ गाठावी लागते. पॅरासिटामॉलचं रक्तातलं प्रमाण दोन-तीन तासांत निम्म्यावर येतं, डायक्लोफिनॅकचं त्याहूनही लवकर. पहाटे फडात शिरताना घेतलेल्या गोळीचा रात्री रक्तात जेमतेम माग लागतो. अ‍ॅस्पिरिनची खूण तेवढी टिकते. ही गोळी रक्तातल्या प्लेटलेटमधलं एक विकर कायमचं बंद पाडते आणि प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते.

गोळी रक्तातून जाते, मूत्रपिंडावरचा घाव राहू शकतो. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सांभाळतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नेमकं तेच रोखतात. उन्हात घामाने निथळणाऱ्या, पाण्याला महाग असलेल्या बाईने ही गोळी रोज घेणं धोक्याचं आहे. त्यात मूत्रपिंडाचं काम ज्यावरून जोखतात ते रक्तातलं क्रिएटिनिन उशिरा बोलतं. अहवालात ते वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाची बरीच ताकद गेलेली असते.

२०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीचं दुखणं आणि खाड्याची धास्ती बाईला कुठवर नेते, ते या आकड्यात दिसतं. मग गोळ्यांची मोजदाद कोण ठेवणार?

टोळी निघण्याआधी आणि परतल्यावर प्रत्येकाचं क्रिएटिनिन तपासा, लघवीतली प्रथिनं तपासा. सुई टोचण्याआधी विचारा, “ताई, कोणती गोळी घेता? दिवसाला किती?” खरं उत्तर मिळालं तर निम्मं निदान तिथंच होतं. पण ते मिळायचं तर आजारपणाच्या आणि पाळीच्या दिवसाचा खाडा आधी बंद झाला पाहिजे, आणि त्या दिवसाची मजुरी कारखान्याने दिली पाहिजे. नाहीतर तपासणीचा कागद हातात घेऊन ती बाई उद्या पुन्हा गोळी गिळूनच फडात उतरेल.