डाव्या पायाची निवृत्ती

भिवंडीजवळच्या अंजूरच्या माणसाच्या दोन पायांत वर्गभेद आहे. उजवा पाय मालक. तो ॲक्सिलरेटरवर नुसता टेकलेला असतो, आणि गाडी मानकोली नाक्याकडे निघाली की त्याला तेवढंही काम उरत नाही, कारण पुढे कंटेनर उभा असतो. डावा पाय मात्र बिगारी. क्लच दाब, सोड, अर्धा सोड, गाडी बंद पडू देऊ नकोस, पुन्हा दाब. दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ या आमच्या आजूबाजूच्या गावांत जिथे भात पिकायचा तिथे आता गोदामं आहेत. मुंबईतला कुणी तरी रात्री झोप येत नाही म्हणून मोबाइलवर एक कुकर मागवतो. तो कुकर आमच्या दारावरून जातो, आणि तो पुढे सरकेपर्यंत माझा पाय क्लचवर. कुकरवाल्याला डिलिव्हरी फुकट मिळते. पैसे माझा गुडघा भरतो.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि विचारलं, "काय काम करता?" म्हटलं, बसून आहे. त्यांनी पुन्हा एक्स-रेकडे पाहिलं. तो बसून काम करणाऱ्याचा वाटत नसावा. शेवटी म्हणाले, "ऑटोमॅटिक गाडी घ्या." आता माझी गाडी चांगली आहे, हप्ते फिटलेत, तिला नावं ठेवायला जागा नाही. मग नवी कशाला? आहे तीच ऑटोमॅटिक करून घेऊ, असा साधा हिशेब मी घरी मांडला.

काका ओट्यावर बसले होते. "गारी कशाला बदलतंस?" ते म्हणाले. "पाय बदल."

काकांचं मत मी मनावर घेत नाही, कारण गिअर या विषयावर त्यांचं चारित्र्य स्वच्छ नाही. 1984 साली किनेटिक होंडा बाजारात आली. बटण दाबलं की चालू, गिअर नाहीच. आत्यानं ती घेतली तेव्हा काका चेतकवर होते. डाव्या मुठीनं क्लच दाबायचा, तीच मूठ पिळून गिअर टाकायचा आणि स्कूटर रुसली की तिला एका बाजूला कलती करायची, याला ते स्कूटर चालवणं म्हणत. बिनगिअरची स्कूटर बायकांची, असं त्यांनी पुरुषांच्या वतीनं परस्पर जाहीर केलं होतं. हल्ली ते स्वतः बिनगिअरच्या स्कूटरवरून भाजी आणतात आणि चेतकचा विषय निघाला की त्यांना कमी ऐकू येतं.

बरं, अंजूर हे काही मिळमिळीत गाव नव्हे. वसईच्या मोहिमेत पुढे असलेले गंगाजी नाईक अंजूरकर इथले. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या यशात आमच्या गावाचा वाटा आहे, आणि तो आम्ही पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतो. त्या मोहिमेतल्या घोड्यांचा मला अलीकडे फार हेवा वाटतो. चाल, दुडकी, भरधाव असे सगळे गिअर असून क्लच एकही नाही.

तर मी अंजूरफाट्याजवळच्या गॅरेजातल्या उस्तादकडे गेलो. ऐकून घेऊन तो म्हणाला, "हो जाएगा." भिवंडीत 'हो जाएगा' ऐकल्यावर हुरळून जायचं नसतं. 'लेकिन' यायच्या आत चहा संपवायचा असतो.

'लेकिन' आला तो गाडीच्या पोटातून. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. पेडल दाबलं की दोघांची जोडी सुटते, सोडलं की जुळते. जुन्या धाटणीच्या ऑटोमॅटिकमध्ये तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि त्यात तेलाच्या जोरावर ताकद पुढे जाते. म्हणजे नुसतं पेडल उपटून चालत नाही. गिअरबॉक्स दुसरा, त्याची बैठक दुसरी, फ्लायव्हील जाऊन तिथे वेगळी पातळ प्लेट, एक्सल बहुधा वेगळ्या मापाचे, तेल थंड ठेवायच्या नळ्या, गिअरचा दांडा आणि सगळं वायरिंग. शिवाय गिअरबॉक्सला स्वतःचा संगणक लागतो आणि त्याचं इंजिनाच्या संगणकाशी पटावं लागतं. दोघांचं बोलणं नसेल तर गाडी दिमाखात उभी राहते.

"मग इतकं सगळं आणायचं कुठून?"

"ॲक्सिडेंटवाली ऑटोमॅटिक ले लो, इसी मॉडेल की. उसका सब निकालो, इसमें डालो."

"त्यापेक्षा मी धड ऑटोमॅटिकच घेतली तर?"

उस्तादनं पहिल्यांदाच बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. "वही तो कब से बोल रहा हूँ, साहब." तो कधीपासून म्हणत होता हे मला आठवेना, पण त्याच्या आवाजात इतका थकवा होता की मी वाद घातला नाही.

आता कुणी म्हणेल, कंपन्या तरी दुसरं काय करतात? बरोबर आहे. मारुतीनं 2014 मध्ये सेलेरिओ आणली तेव्हा हेच केलं होतं. गिअरबॉक्स साधाच, क्लच प्लेटही जागच्या जागी. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम संगणकाच्या हुकमानं हायड्रॉलिक यंत्रणेकडे सोपवलं. पाय आतच राहिला म्हणा ना, फक्त तो आपला नव्हता. स्वस्तातली ऑटोमॅटिक आपल्याकडे घरोघरी पोचली ती या युक्तीनं. पण ते सगळं कारखान्यात, एकमेकांच्या मापानं जन्माला आलेलं असतं. आपण ते नंतर बसवायला गेलो की उस्तादचा थकवा सुरू होतो.

परदेशात तर हे दुखणं फार पूर्वीच आटोपलंय. अमेरिकेत जनरल मोटर्सनं हायड्रामॅटिक गिअरबॉक्स 1939 मध्ये आणला आणि 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये तो मिळू लागला. पुढे दुसऱ्या महायुद्धात एम-5 स्टुअर्ट रणगाड्यातही तो बसवला. म्हणजे तोफगोळ्यांच्या वर्षावात रणगाडा चालवणाऱ्याला क्लचचा त्रास नको, इतकी माणुसकी त्या महायुद्धात होती. मानकोलीच्या रस्त्याला ती अजून पोचायची आहे.

माझं खरं दुःख वेगळंच आहे. आहे त्या यंत्राला जोडकाम करून निम्मं स्वयंचलित करायचं, हे भिवंडीला नवं नाही. साध्या यंत्रमागावर कामगाराला डोळ्यांत तेल घालून ताण्या-बाण्याकडे बघावं लागतं. धागा तुटल्याचं कळलं नाही तर माग खुशाल खराब कापड विणत बसतो. त्यावर सरकारची योजनाच होती. जुना माग भंगारात न काढता त्याला सुटे भाग बसवायचे, म्हणजे धागा तुटला की माग आपोआप थांबतो. त्यासाठी अनुदानही मिळायचं. ज्या 'पॉवरटेक्स इंडिया'त ही योजना होती, तिचं उद्घाटन केंद्रीय मंत्र्यांनी 1 एप्रिल 2017 रोजी इथे भिवंडीतच केलं. तारखेवर जाऊ नका. मागाला जोडकाम आणि वर अनुदान. माझ्या गुडघ्यानं काय पाप केलंय?

अनुदान राहू द्या, गुडघ्याच्या वाट्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 येतं. निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा फेरबदल करायचा नाही, असं ते सांगतं. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हे ठासून सांगितलं. मी आरसी काढून बारकाईनं वाचली. इंजिन नंबर आहे, चॅसिस नंबर आहे, आसनं किती तेही आहे. पेडलं किती, हा रकाना नाही. ही पळवाट मी एका एजंटला उत्साहानं दाखवली. तो म्हणाला, "आरटीओला काय, पण विमा कंपनीला काय सांगाल?" एजंट माणूस कायद्याची आठवण करून देतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

एक मधला मार्ग आहे आणि तो खरोखर चांगला आहे. दिव्यांगांसाठी गाडीला क्लचचं किट बसवून मिळतं. गिअरच्या दांड्यावर बटण येतं आणि क्लच दाबायचं काम पायाऐवजी यंत्र करतं. बदल रीतसर आरटीओकडे नोंदवताही येतो. ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर करावा. मी चौकशीची भाषा काढताच बायको म्हणाली, "कोंडीत पाय दुखतो म्हणून दिव्यांगांच्या रांगेत उभे राहणार? मग मानकोलीच्या पुलाखालचे सगळेच उभे राहतील."

तेव्हा निकाल असा: साधी गाडी ऑटोमॅटिक करण्याच्या भानगडीत पडू नये. ती विकावी आणि ऑटोमॅटिक घ्यावी. त्याप्रमाणे मी माझी विकायला काढली आहे. एकाच हातची, क्लच प्लेट नुकतीच बदललेली, पाचवा गिअर जवळपास कोरा. कुणाला हवी असल्यास अंजूरला येऊन बघून जावी. येताना सकाळी लवकर निघा, आणि जमलं तर ऑटोमॅटिकनं या.