या पैशांत

महागड्या सीडी प्लेयरचा मालक फारसा बोलत नाही. त्याच्या वतीनं किंमतच बोलते. स्वस्त प्लेयरच्या मालकाला मात्र सगळं स्वतःच बोलावं लागतं. आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर असे एक गृहस्थ राहतात. अख्खी बिल्डिंग त्यांना डेककाका म्हणते. प्लेयर कुठल्या कंपनीचा ते मी सांगणार नाही; जिन्यात गाठ पडली तर काका सांगतीलच.

त्यांच्याकडे गेलं की गाणं लगेच ऐकायला मिळत नाही. आधी प्लेयर उचलून बघावा लागतो.

"किती असेल?"

"तीन किलो?"

"चार किलो शंभर! रद्दीवाल्याच्या काट्यावर मोजलाय." (त्या दिवशी रद्दीवाल्याच्या आशा उगाच पल्लवित झाल्या होत्या.) मग झाकणावर टिचकी मारून बघायची. "ठक् असा बद्द आवाज आला की नाही? आता त्या डीव्हीडी प्लेयरवर मार. मोरीतली बादली वाजल्यासारखं वाटेल. या पैशांत असा पत्रा कोण देतो रे?"

'या पैशांत' हे काकांचं पालुपद आहे. मात्र ते पैसे नेमके किती, हे दरवर्षी बदलतं. जुन्या बाजारातून आणला तेव्हा अठ्ठावीसशेला घेतला म्हणाले होते. पुढं ते बावीसशे झाले, परवा पाहुण्यांसमोर अठराशे. कौतुक वाढतं तशी किंमत उतरते. आणखी पाच वर्षांनी विकणाऱ्यानंच वर रिक्षाभाडं दिलं होतं असं ठरेल.

आवाजाची परीक्षा तानपुऱ्यावर. किशोरीताईंचा भूप लागतो, तानपुरे झंकारतात, आणि ताई 'सा' लावतात न लावतात तोच काका पॉज दाबतात. "जवारी ऐकलीस?" आपण मान डोलवायची. मग स्वयंपाकघरातली सगळी विशेषणं बाहेर येतात. अमक्याच्या प्लेयरचा आवाज आळणी आहे, तमक्याच्यावर नुसती तर्री, खाली रस्सा पातळ. आपला मात्र मुरलेल्या लोणच्यासारखा. पलीकडून काकू म्हणतात, "अहो, गाणं पुढं पण आहे म्हणतात."

काकांना इतिहासही पाठ आहे. ऑक्टोबर १९८२मध्ये सोनीनं जपानात पहिला प्लेयर विकायला काढला, किंमत १,६८,००० येन. तो काकांना आवडत नाही. त्यात कसलं कौतुक, म्हणतात. त्यांचा जीव फिलिप्सवर. सीडीवरचा आवाज सोळा बिटांचा, आणि फिलिप्सकडे तयार होती ती चौदा बिटांची चिप. मग त्यांनी तीच चौपट वेगानं पळवली आणि सोळाची कसर भरून काढली. ही गोष्ट सांगताना काकांचा गळा दाटून येतो. "चौदात सोळाचं भागवलं रे! याला म्हणतात संसार."

पुढं त्याच कंपनीच्या १५४१ चिपेच्या निवडक नगांवर मुकुट छापून येऊ लागला. तो आहे का हे बघायला शौकीन लोक झाकणं उघडतात. काकांनीही उघडलं. आतली चिप बोडकीच निघाली. "लोकशाही आहे," एवढंच म्हणून त्यांनी स्क्रू पुन्हा पिळले.

तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरचा पंथ वेगळा. तो म्हणतो, सीडीवर एकेका कानासाठी सेकंदाला ४४,१०० आकडे आहेत. ते अठराशेच्या प्लेयरनं वाचले काय आणि अठरा लाखांच्यानं वाचले काय, आकडा तोच. अडीचेक मिलिमीटरचा ओरखडा असला तरी हरवलेले आकडे यंत्र हिशेबानं पुन्हा मांडतं. काका शांतपणे विचारतात, "डाळ तीच, पाणी तेच. मग तुझ्या आईच्या हातची आमटी तुझ्या बायकोला का जमत नाही?" इथं इंजिनिअर हरतो, कारण बायको जिन्यात उभी असते.

खरं सांगायचं तर इंजिनिअर बराचसा बरोबर आहे. माझे कान काही शास्त्रीय नाहीत, पण धडधाकट स्वस्त प्लेयरांच्या आवाजात लोक सांगतात तेवढा फरक मला कधी सापडला नाही. स्वस्त प्लेयर आवाजात मार खात नाही, खणात खातो. सीडी ठेवायच्या त्या खणाचं प्लॅस्टिक लटपटतं, भिंगावर धूळ बसते, नवीकोरी सीडी घालूनही 'नो डिस्क' अशी पाटी झळकते. यावर मात्र काका बोलत नाहीत.

बाकी उपाय त्यांनी सगळे केले. नातवाच्या हिरव्या स्केचपेननं सीडीच्या कडा रंगवल्या; परदेशातही लोक हे करत, म्हणून. कंप थांबावा म्हणून झाकणावर काकूंचा लोखंडी खलबत्ता ठेवला. तेव्हापासून चहासाठी आलं ठेचायला घेतलं की घरातला बेस कमी होतो. मधे भाच्यानं जपानहून एक छान जुना प्लेयर आणला होता. तिकडची वीज शंभर व्होल्टची. काकांनी तो आपल्या दोनशेतीसमध्ये थेट खुपसला. फट् झालं आणि धूर निघाला. काकांचा अभिप्राय: "तेवढ्यातही मोकळेपणा जाणवला."

सध्या संकट वेगळं आहे. खण पुढंमागं सरकवणारा आतला रबरी पट्टा सैल झालाय. बटण दाबलं की मोटर गुरगुरते, खण जागचा हलत नाही. काकांनी तळहातानं थोपटून पाहिलं. दुधाच्या पिशवीचं रबरबँड लावलं, ते दोन दिवस टिकलं. तपकीर गल्लीतल्या दोन दुकानदारांनी "काका, आता सीडी ऐकतं कोण?" म्हणून परत पाठवलं.

आणि आत अडकलीय ती नातवाची बडबडगीतांची सीडी. तीन आठवडे झाले, काकांना दुसरं काही लावता येत नाही. त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक सीडी शेवटापर्यंत ऐकली, तीही रोज. काल मला बोलावून सोफ्यावर नेमक्या मध्यावर बसवलं. "आता डोळे मीट. बेडूक डावीकडं आहे, आणि कोंबडा त्याच्या दोन हात मागं. या पैशांत कोंबडा मागं जातो कुठं?"

तर वाचकहो, ३५ मिलिमीटर व्यासाचा, चौकोनी कडेचा रबरी पट्टा कुणाकडे पडून असेल तर कृपया कळवावं. काका चाळीस रुपयांच्या वर जाणार नाहीत. वरचे काकू द्यायला तयार आहेत.