पन्नास टक्के सावली

ऑर्किडला म्हणे कोवळं ऊन लागतं. सोलापुरात कोवळं ऊन सहाला निघतं आणि साडेसातला जून होतं. तरीही मी डेंड्रोबियम पाळलं. जास्वंद, शेवंती गल्लीत सगळ्यांकडेच आहे. 'आमच्याकडे ऑर्किड आहे' हे वाक्य चारचौघांत टाकायचं तर निदान एक ऑर्किड असावं लागतं.

रोपाचं म्हणणं साधं होतं: सकाळचं ऊन द्या, मग आडोसा करा. त्यासाठी पूर्वेचं परसदार उत्तम. पण परसदारी बघायला येतो कोण? गॅसवाला. म्हणून कुंडी पश्चिमेला, फाटकाशी. तिथे दुपारी तीनला कडीसुद्धा फडकं धरून उघडावी लागते. पानं पोपटी झाली. योग्य प्रकाशाचं हे लक्षण, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. पुढच्या आठवड्यात त्यांवर इस्त्री विसरल्यासारखे तपकिरी डाग उमटले.

मग सोलापूरकराला सुचायचं तेच सुचलं. चादर! आमच्याकडे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर चादर. लग्न, बारसं, बदली, निवृत्ती. साहेब खूश झाले, साहेब नाराज झाले. मुलीकडचे बघायला आले, नकार कळवायला आले. चादर द्या. पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या कपाटांत कपड्यांना जागा उरलेली नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे, नाही कसं म्हणणार? आणि फाटतही नाही, की आहेराचा विषय संपावा. तर मयूरपंखी चादर कुंडीवर ताणली. सावली शंभर टक्के पडली आणि शेजारी विचारू लागले, "धुणं पुढच्या दारी का घालताय?"

शेवटी पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी आणून दक्षिणेकडे उतरती बांधत होतो. समोर विड्या वळत बसलेल्या अक्का म्हणाल्या, "अण्णा, आता दुपारचं ऊन वरल्या अंगानं येतंय. तिकडं बांधा." खरंच होतं. सोलापुरात मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत उत्तरेकडे कललेला असतो.

अक्कांना हे ठाऊक असणारच. घरावर पत्रा, आत बसवत नाही. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, शेजारी ओल्या पोत्यात उरलेली पानं. सावली सरकेल तसा हा सगळा संसार सरकवत त्या घराभोवती फिरतात. मजुरी हजार विड्यांवर. पूर्वी कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली बसायच्या. रस्ता रुंद झाला, झाड गेलं. आता सावली दुकानात मीटरनं मिळते, टक्केवारी सांगून. आणि ती मी आणली होती एका कुंडीसाठी.

"जाळी थोडी हिकडं बी वडा की," अक्का म्हणाल्या. ओढली. आता सूप आणि कुंडी शेजारी-शेजारी असतात. ओल्या पोत्याचा गारवा रोपाला मानवला असावा. यंदा कळ्या धरल्या. पाहुण्यांना मी प्रकाशाची तीव्रता, हवेतला ओलावा वगैरे समजावत होतो. त्यांतल्या एका वहिनींनी हळूच विचारलं, "या बाई तुमच्याकडे माळीकाम करतात का?"

"व्हय की," अक्का मान वर न करता म्हणाल्या, "पगार तेवढा ऱ्हायलाय."